अमेरिकेची मध्यावधी निवडणूक आणि राष्ट्राध्यक्षांचा पक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहते. दर मध्यावधीच्या आधी ऑक्टोबर उजाडला की पुण्याहून मामांचा, नाशिकहून मावसभावाचा आणि इथल्या मंडळातल्या ओळखीच्यांचा फोन ठरलेला असतो. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मध्यावधी निवडणूक लागली म्हणजे तिथलं सरकार पडलं का?

नाही. गोंधळ होतो तो शब्दामुळे. आपल्याकडे मध्यावधी म्हटलं की १९७१, १९८०, १९९८, १९९९ आठवतं: लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली आणि पुन्हा मतदान घ्यावं लागलं. अमेरिकेत मुदतीआधी काहीच होत नाही. राष्ट्राध्यक्षांची मुदत चार वर्षांची असते आणि तिच्या बरोबर मध्यावर येणारी निवडणूक म्हणून ती मध्यावधी. तारीखही कायद्याने बांधलेली आहे: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२६ मध्ये तो ३ नोव्हेंबरला येतो.

राष्ट्राध्यक्षांचं नाव त्या दिवशी मतपत्रिकेवर नसतं. त्यांचा पक्ष कितीही वाईट हरला तरी त्यांची खुर्ची जात नाही, कारण तिथे अविश्वास ठराव ही गोष्टच नाही. जातं ते कायदेमंडळातलं बहुमत. ते गेल्यावर काय होतं, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

२. मग त्या दिवशी नेमकं कुणाला निवडतात?

तिथल्या कायदेमंडळाला काँग्रेस म्हणतात आणि त्याची दोन सभागृहं आहेत: प्रतिनिधीगृह आणि सिनेट. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांसाठी मतदान होतं, कारण तिथली मुदत फक्त दोन वर्षांची आहे. सिनेटमध्ये १०० जागा आणि मुदत सहा वर्षांची. त्यातल्या साधारण एक तृतीयांश दर दोन वर्षांनी निवडणुकीला येतात, शिवाय रिकाम्या झालेल्या जागांच्या पोटनिवडणुका. त्याच दिवशी ५० पैकी ३६ राज्यांत गव्हर्नरही निवडले जातात.

दोन वर्षं हा आकडा १७८७ मधल्या फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेतली तडजोड आहे. काहींना दरवर्षी निवडणूक हवी होती, मॅडिसन यांना तीन वर्षांची मुदत हवी होती. लोकांचा हात सतत नाडीवर राहावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या दोन वर्षांत आहे.

३. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या जागा खरंच दर वेळी कमी होतात?

जवळजवळ दर वेळी. गृहयुद्धानंतरच्या दीडशेहून जास्त वर्षांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातलं आपलं बळ प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत वाढवलं ते तीनदाच: १९३४, १९९८ आणि २००२ (प्रश्न ५ पाहा). १९०२ मध्येही सत्ताधारी रिपब्लिकनांच्या जागा वाढल्याचं आकड्यांत दिसतं. पण तेव्हा सभागृहाचा आकारच वाढला होता आणि विरोधकांच्या जागा त्याहून जास्त वाढल्या, म्हणून ते वर्ष जमेत धरत नाहीत.

घसरण किती होते, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. १८९४ मध्ये क्लीव्हलंड यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने शंभराहून जास्त जागा गमावल्या. ओबामांच्या काळात २०१० मध्ये ६३ गेल्या, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत २०१८ मध्ये ४०. उलट १९६२ मध्ये, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचं संकट नुकतंच टळलं असताना, केनेडींच्या पक्षाच्या अवघ्या चार गेल्या.

४. पण असं का होतं? दोन वर्षांपूर्वी ज्याला निवडून दिलं, त्याच्याच पक्षाला लोक का पाडतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खरं म्हणजे बहुतेक वेळा तेच लोक मत फिरवून पाडत नाहीत. मतदानाला येणारे लोकच वेगळे असतात.

राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीला साठ टक्क्यांहून जास्त मतदार बाहेर पडतात, २०२० मध्ये ते सहासष्ट टक्क्यांच्या आसपास गेले. मध्यावधीला हा आकडा चाळिशीच्या घरात येतो. २०१४ मध्ये तर जेमतेम छत्तीस-सदतीस टक्के होता. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या ओढीने आलेले तरुण, पहिलटकर, एरवी राजकारणात फारसा रस नसलेले मतदार दोन वर्षांनी घरीच बसतात. जिंकलेल्यांना वाटतं, आपलं काम झालं. हरलेल्यांच्या पोटात मात्र दोन वर्षं आग असते आणि ते पाऊस असो वा थंडी, रांगेत उभे राहतात.

टॉम पेरिएलो यांचं उदाहरण बघा. व्हर्जिनियाचा पाचवा मतदारसंघ तसा रिपब्लिकन वळणाचा, पण शार्लट्सव्हिल हे विद्यापीठाचं गाव त्यात येतं. २००८ मध्ये ओबामांच्या लाटेत पेरिएलो तिथून ७२७ मतांनी निवडून आले. तीन लाखांहून जास्त मतं पडली होती आणि फरक ७२७ चा! २०१० मध्ये ओबामा स्वतः शार्लट्सव्हिलला त्यांच्या सभेसाठी गेले. तरी पेरिएलो पडले. लाटेने किनाऱ्यावर आणून टाकलेली अशी जागा, लाट ओसरली की टिकत नाही. २००८ सारख्या मोठ्या विजयात अशा डझनावारी जागा पदरात पडतात आणि पुढच्या मध्यावधीत त्याच आधी जातात. ज्या पक्षाने आधीच फार जागा जिंकलेल्या नसतात, त्याचं नुकसानही कमी होतं.

याशिवाय कुंपणावरचे काही मतदार खरोखरच उलट मत देतात. काहींना पेट्रोल, किराणा, घरभाडं यांचा राग काढायचा असतो आणि मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष नसल्यामुळे तो त्यांच्या पक्षाच्या खासदारावर निघतो. काहींना सगळी सत्ता एकाच पक्षाच्या हाती नको असते. राष्ट्राध्यक्षांच्या कामगिरीवर समाधानी लोक निम्म्याहून कमी असले की फटका मोठा बसतो. २०१० मध्ये ओबामांची पसंती पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास होती, २०१८ मध्ये ट्रम्प यांची चाळीसच्या.

माझ्या मते पहिलं कारण सगळ्यात मोठं आहे. २०१८ मध्ये मतदान पन्नास टक्क्यांवर गेलं, मध्यावधीसाठी शतकभरातलं सर्वाधिक, आणि तरी सत्ताधारी पक्ष हरला. यावरून कुणी म्हणेल की मतदानाची टक्केवारी गौण आहे. पण तेव्हाही प्रश्न तोच होता: वाढीव मतदार कोणत्या बाजूचा?

५. मग १९३४, १९९८ आणि २००२ मध्ये वेगळं काय घडलं?

तिन्ही वेळा मतदारांचा राग राष्ट्राध्यक्षांऐवजी दुसऱ्या कुणावर होता, किंवा देश त्यांच्या पाठीशी उभा होता.

१९३४ मध्ये महामंदीचा दोष अजून आधीच्या सरकारच्या माथी होता आणि रूझवेल्ट यांच्या योजनांनी लोकांच्या हाताला काम मिळू लागलं होतं. डेमोक्रॅट्सच्या दोन्ही सभागृहांत नऊ-नऊ जागा वाढल्या. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावर महाभियोगाची तयारी चालली होती. अर्थव्यवस्था जोरात होती आणि लोकांना तो खटाटोप अति वाटला. क्लिंटन यांच्या पक्षाला पाच जागा जास्त मिळाल्या आणि प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांनी काही दिवसांतच पद सोडत असल्याचं जाहीर केलं. तरी डिसेंबरात प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर केलाच, हेही लक्षात ठेवायला हवं. २००२ ची निवडणूक ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची पहिली. बुश यांची पसंती साठ टक्क्यांच्या वर होती. रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात आठ आणि सिनेटमध्ये दोन जागा वाढवल्या आणि सिनेटचा ताबा परत मिळवला.

२०२२ या यादीत बसत नाही, पण ते तिच्या जवळचं आहे. महागाई चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त आणि बायडन यांची पसंती चाळीसच्या आसपास असताना त्यांच्या पक्षाच्या नऊच जागा गेल्या. त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. त्यामुळे एरवी घरी बसणारा सत्ताधारी बाजूचा मतदारही चिडून बाहेर पडला.

६. किती जागा गेल्या म्हणजे खरा पराभव मानायचा?

जागांच्या आकड्यापेक्षा २१८ ही रेघ बघा. ४३५ च्या सभागृहात बहुमत तिथे आहे. बातम्यांत ‘अमुक जागांचा फटका’ असं येतं, पण सत्ता बदलते ती रेघ ओलांडल्यावर.

२०२२ मध्ये नऊच जागा गेल्या, तरी रिपब्लिकन २२२ आणि डेमोक्रॅट २१३ असं चित्र झालं आणि बायडन यांच्या हातून सभागृह गेलं. याउलट १९६६ मध्ये जॉन्सन यांच्या पक्षाने ४७ जागा गमावल्या, पण आधीचं बहुमत इतकं दांडगं होतं की सभागृह त्यांच्याकडेच राहिलं. बातमी वाचताना आधी पक्षाकडे किती जागा होत्या ते विचारा, किती गेल्या ते नंतर. २०२४ मध्ये रिपब्लिकनांनी २२० आणि डेमोक्रॅट्सनी २१५ जागा जिंकल्या. इतकं काठावरचं बहुमत जायला मध्यावधीत मोठी लाट लागतच नाही.

७. प्रतिनिधीगृह हातून गेलं तर राष्ट्राध्यक्षांचं नेमकं काय अडतं?

पहिल्यांदा अडतात कायदे. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांचा मोठा कार्यक्रम साधारणपणे तिथेच थांबतो. आरोग्य विम्याचा ओबामांचा कायदा मार्च २०१० मध्ये झाला तो त्यामुळेच घाईघाईने, मध्यावधीच्या आत.

दुसरी गोष्ट चौकश्यांची. सभागृहाबरोबर सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं दुसऱ्या पक्षाकडे जातात आणि समन्स काढायचा अधिकार त्यांच्या हाती येतो. माझ्या मते रोजच्या कारभारात हा बदल सगळ्यात जास्त जाणवतो. मंत्र्यांना साक्षीला बोलावलं जातं, कागदपत्रं मागवली जातात, अधिकाऱ्यांचे आठवडेच्या आठवडे उत्तरं तयार करण्यात जातात. महाभियोगाला प्रतिनिधीगृहात साधं बहुमत पुरतं. २०१८ मध्ये सभागृह डेमोक्रॅट्सकडे आलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावर पहिला महाभियोग मंजूर झाला. पदावरून काढायला मात्र सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. ती मिळाली नाहीत.

तिसरी गोष्ट पैशाची. खर्चाची विधेयकं अडली की सरकारी कचेऱ्या बंद पडतात. १९९४ मध्ये दोन्ही सभागृहं गमावल्यावर क्लिंटन आणि रिपब्लिकन यांच्या रस्सीखेचीत १९९५-९६ च्या हिवाळ्यात सलग २१ दिवस कामकाज ठप्प होतं. पण प्रत्येक बंद मध्यावधीमुळेच होतो असं नाही. २०२५ चा ४३ दिवसांचा बंद दोन्ही सभागृहं राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाकडे असताना झाला, कारण सिनेटमध्ये अशा विधेयकांना १०० पैकी ६० मतं लागतात.

परराष्ट्र धोरण, लष्कर, प्रशासकीय आदेश आणि नकाराधिकार हे सगळं राष्ट्राध्यक्षांकडेच राहतं. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत, ती क्वचितच जमतात.

८. आणि सिनेट गेलं तर?

मग नेमणुका अडतात. न्यायाधीश, मंत्री, राजदूत या सगळ्यांना सिनेटची मंजुरी लागते, प्रतिनिधीगृहाची नाही.

२०१४ च्या मध्यावधीत ओबामांच्या पक्षाने सिनेटच्या नऊ जागा आणि बहुमत गमावलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं आणि रिपब्लिकन सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही. ते नाव २९३ दिवस पडून राहिलं आणि बाद झालं. २०१८ च्या मध्यावधीत ट्रम्प यांनी प्रतिनिधीगृह गमावलं, पण सिनेट राखलं. म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये, निवडणुकीला आठ दिवस उरले असताना, एमी कोनी बॅरेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकल्या. सर्वोच्च न्यायालयाची नेमणूक आयुष्यभराची असते. एका मध्यावधीचा परिणाम तीस-चाळीस वर्षं टिकतो तो इथे.

९. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहात ४० जागा गेल्या आणि सिनेटमध्ये निव्वळ दोन वाढल्या. एकाच दिवशी असं उलटसुलट कसं?

सिनेटचा कोणता तिसरा हिस्सा त्या वर्षी निवडणुकीला आला आहे, त्यावर सगळं ठरतं. २०१८ मध्ये मतदानाला आलेल्या ३५ जागांपैकी २६ डेमोक्रॅट आणि त्यांच्या सोबतच्या अपक्षांच्या होत्या, रिपब्लिकनांच्या फक्त नऊ. त्यात दहा डेमोक्रॅट अशा राज्यांतले, जिथे दोन वर्षांपूर्वी ट्रम्प जिंकले होते. त्यांतल्या नॉर्थ डकोटा, मिसूरी, इंडियाना आणि फ्लोरिडा इथल्या जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. त्यामुळे सिनेटच्या निकालावरून देशाचा कल काढू नका. तो प्रतिनिधीगृहात दिसतो, आणि तिथेही प्रश्न १२ मधली मेख आहे.

१०. तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. मग खासदार राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात मत देऊन स्वतःची जागा वाचवू शकत नाहीत का?

देऊ शकतात, देतातही, आणि तरी बरेचदा पडतात. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. अडचण अशी की पक्षाला कधीकधी एकेक मत लागतं.

ऑगस्ट १९९३. क्लिंटन यांचा अर्थसंकल्प, त्यात करवाढ. पेनसिल्व्हेनियाच्या मार्जरी मार्गोलीस-मेझविन्स्की पहिल्यांदाच निवडून आलेल्या होत्या, तेही फिलाडेल्फियाच्या सधन उपनगरांच्या रिपब्लिकन मतदारसंघातून. विरोधात मत देईन, असं त्यांनी मतदारांना सांगितलं होतं. ऐन वेळी क्लिंटन यांचा फोन आला आणि त्यांनी बाजूने मत दिलं. विधेयक २१८ विरुद्ध २१६ ने मंजूर झालं. समोरच्या बाकांवरचे रिपब्लिकन हात हलवून ‘गुडबाय मार्जरी’ म्हणू लागले. १९९४ मध्ये त्या पडल्या. त्या वर्षी पन्नासहून जास्त डेमोक्रॅट जागा गेल्या, खुद्द सभापती टॉम फोली आपल्या मतदारसंघात हरले आणि चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेलं.

हा प्रसंग मला कधीच विसरता येत नाही. मध्यावधीची किंमत राष्ट्राध्यक्ष मोजत नाहीत, त्यांच्यासाठी मत देणारी अशी माणसं मोजतात. पेरिएलो (प्रश्न ४) त्यातलेच. त्यांनी आरोग्य विम्याच्या कायद्याला मत दिलं होतं.

११. मध्यावधीत पक्ष आपटला म्हणजे दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षही हरणार, असं समजायचं का?

अजिबात नाही. ट्रूमन १९४६ मध्ये दोन्ही सभागृहं हरले आणि १९४८ मध्ये जिंकले. रेगन यांनी १९८२ मध्ये २६ जागा गमावल्या आणि १९८४ मध्ये ४९ राज्यं जिंकली. क्लिंटन १९९६ मध्ये आणि ओबामा २०१२ मध्ये पुन्हा निवडून आले. उलट १९९० मध्ये थोरल्या बुश यांच्या पक्षाच्या आठच जागा गेल्या आणि १९९२ मध्ये ते स्वतः हरले. २०२२ मध्ये थोडक्यात निभावलेल्या डेमोक्रॅट्सच्या हातून २०२४ मध्ये व्हाइट हाउस गेलं.

विरोधी पक्षाला एक सभागृह मिळालं की तोही लोकांच्या रोजच्या नजरेत येतो आणि दोष वाटून घ्यायला कुणीतरी मिळतं. क्लिंटन यांना १९९५-९६ च्या बंदचा फायदाच झाला, कारण लोकांनी गिंग्रिच यांना जबाबदार धरलं.

१२. जास्त मतं मिळूनही जागा कमी, असं होऊ शकतं?

हो. २०१२ मध्ये देशभर मिळून डेमोक्रॅट्सना प्रतिनिधीगृहासाठी दहा लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, तरी रिपब्लिकनांकडे २३४ जागा राहिल्या. मुळं २०१० च्या मध्यावधीत आहेत. त्या वर्षी रिपब्लिकनांनी राज्यांची विधिमंडळंही मोठ्या संख्येने जिंकली आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर मतदारसंघ आखायचं काम बहुतेक राज्यांत विधिमंडळांकडेच असतं. एका मध्यावधीने पुढच्या दशकाचे नकाशे ठरवले.

एरवी आखणी दहा वर्षांतून एकदा होते. पण २०२५ मध्ये टेक्ससने २०२६ साठी मधेच नवे मतदारसंघ आखले आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी नोव्हेंबरात आपला नवा नकाशा मंजूर केला. ही चढाओढ मला मनापासून चुकीची वाटते, कुठल्याही पक्षाने केली तरी. मतदारांनी खासदार निवडायचे असतात, खासदारांनी मतदार नव्हे.

१३. नोव्हेंबरात निकाल लागला की लगेच सत्ता बदलते?

नाही, नवं काँग्रेस ३ जानेवारीला बसतं. मधल्या दोन महिन्यांत पडलेले खासदारही मत देतात आणि हरलेला पक्ष उरकता येईल तेवढं उरकतो. डिसेंबर २०१० मध्ये समलिंगी सैनिकांवरची बंधनं उठवणारा कायदा आणि रशियाबरोबरचा अण्वस्त्र करार, दोन्ही याच काळात मार्गी लागले.

१४. श्री ठाणेदार २०२२ च्या मध्यावधीत निवडून आले. मग त्यांचा पक्ष हरला कसा?

ते जिंकले आणि त्यांच्या पक्षाने सभागृह गमावलं, दोन्ही खरं आहे. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले ठाणेदार डेट्रॉइटचा भाग असलेल्या मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून डेमोक्रॅट म्हणून निवडून आले. हा भाग इतका डेमोक्रॅट आहे की खरी लढत पक्षांतर्गत प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच होते. लाटा येतात-जातात त्या काठावरच्या मतदारसंघांत, अशा बालेकिल्ल्यांत नाही.

पण पोहोचले ते अल्पमताच्या बाकांवर. शिवाय त्या जानेवारीत रिपब्लिकनांचं बहुमत इतकं निसटतं होतं की केव्हिन मॅकार्थी यांना सभापती व्हायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. सभापती ठरल्याशिवाय कुणाचाच शपथविधी होत नाही, म्हणून ३ तारखेला आलेले सगळे नवे खासदार ७ तारखेच्या पहाटेपर्यंत शपथेची वाट बघत थांबले होते.

१५. मुलगा एच-वन-बीवर आहे. मध्यावधीने त्याचं काही बदलेल का?

लगेच बहुधा नाही. वर्षाला ८५,००० व्हिसांची मर्यादा आणि ग्रीन कार्डसाठी प्रत्येक देशाला सात टक्क्यांची कमाल मर्यादा, ज्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे, या दोन्ही काँग्रेसच्या कायद्यात आहेत. त्या बदलायला दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही लागते. सत्ता विभागली की असा कायदा आणखी अवघड होतो.

प्रशासनाच्या नियमांनी होणारे बदल मात्र मध्यावधीनंतरही चालू राहतात. एच-फोरवर आलेल्या जोडीदारांना कामाची परवानगी २०१५ मध्ये मिळाली, ती ओबामा प्रशासनाच्या नियमाने, सिनेट गमावल्यानंतर. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी मुली त्या नियमामुळे पुन्हा नोकरीला लागल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, तेही काँग्रेसच्या मतदानाशिवाय, राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने. मुलाने निवडणुकीच्या निकालाआधी हे आदेश आणि त्यावरचे कोर्टाचे निर्णय बघावेत.

१६. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मला मत देता येईल का? देणगी?

मत देता येत नाही, मतदार म्हणून नोंदणीसुद्धा करू नका. काही राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज भरतानाच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. तिथे घाईत ‘हो’वर खूण झाली तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. फॉर्म दोनदा वाचा, कळलं नाही तर खिडकीवर विचारा.

देणगीचं वेगळं आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना उमेदवारांना देणगी देता येते, एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्यांना नाही. प्रचारात पगार न घेता स्वयंसेवक म्हणून काम करायला मात्र दोघांनाही परवानगी आहे.